अंगण सरळ करू या

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते निवृत्त बँक अधिकारी असून स्थापनेपासूनचे सभासद आहेत. – संपादक मंडळ)



रौप्यमहोत्सव म्हटला की जुन्या आठवणी सांगायच्या असतात. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम वेगळा जिल्हा झाला, नवी ऑफिसं आली, बदलीची माणसं आली, आणि त्या सुमारास गावाच्या कडेला ज्या सोसायट्या उभ्या राहिल्या त्यातली आपली एक. टँकरचं पाणी, गुडघाभर चिखल, पहिला गणपती, हे सगळं अध्यक्षांनी आत्ताच रंगवून सांगितलं. मी त्यात भर घालत नाही. मला विषय दिला आहे 'मुलं आणि कला'. सचिव म्हणाले, "काका, वीस मिनिटं बोला, पण बँकेचे किस्से नकोत." आता आयुष्य बँकेत गेलं, तर बँकेशिवाय बोलू कसं? एक-दोन किस्से सहन करा.

या विषयातला एक कोपरा मी निवडला आहे. ज्या मुलांना डोळ्यांनी कमी दिसतं, ऐकू येत नाही, हात-पाय साथ देत नाहीत किंवा शिकायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, त्या मुलांचा चित्रकलेचा, गाण्याचा, नाचाचा तास कसा असावा आणि त्यांना मार्क कसे द्यावेत, हा तो कोपरा. तुम्ही म्हणाल, यात आपल्या सोसायटीचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या दोन बिल्डिंगमध्ये मिळून अशी तीन लेकरं आहेत. त्यातली एक माझी नात आहे. आणि दरवर्षी गणपतीत आपण जी चित्रकला स्पर्धा घेतो, तिच्यात या तिघांपैकी एकानेही आजवर भाग घेतलेला नाही. कोणी त्यांना मनाई केली नाही. पण कोणी विचारलंही नाही.

माझ्या नातीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. उजवा हात आखडलेला, चालताना वॉकर लागतो. डोकं एकदम लख्ख. पहिल्या शाळेत (नाव सांगत नाही, त्याची गरज नाही) चित्रकलेच्या तासाला तिला 'सूट' होती. शिक्षिका मनाने वाईट नव्हत्या. त्यांना वाटायचं, बिचारीला त्रास कशाला? मग सगळी मुलं व्हरांड्यात रंगकाम करायची आणि ही वर्गात दप्तरं सांभाळायची. वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तकात कलेपुढे 'अ' श्रेणी. घरी आल्यावर ती म्हणाली, "आबा, मी एकही चित्र काढलं नाही, तरी 'अ' कसा?"

मला तिच्या या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. मात्र त्या प्रश्नात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात आलं. एक, तिला धडा मिळाला नाही. दोन, न मिळालेल्या धड्याचे तिला मार्क मिळाले. आपण अशा मुलांवर दया करतो तेव्हा बहुतेक वेळा हेच दोन्ही करतो. काम देत नाही, आणि शाबासकी मात्र देतो. लेकरू लहान असलं तरी त्याला ते समजतं.

आपल्यात म्हण आहे, नाचता येईना अंगण वाकडं. कामचुकार माणसाला टोमणा मारायला ती चांगली आहे. पण या मुलांच्या बाबतीत थोडं थांबून पाहिलं पाहिजे. पुष्कळदा अंगण खरंच वाकडं असतं! कागद घसरतो, ब्रशची दांडी बारीक आहे, सर फळ्याकडे तोंड करून बोलतात, ऑर्केस्ट्राचा आवाज कानात घुसतो. मुलाला नाचता येतं की नाही हे ठरवायच्या आधी अंगण सरळ करणं हे मोठ्यांचं काम आहे.

आता बँकेचा पहिला किस्सा. खातेदाराला सही करता येत नसेल तर आपण अंगठा घेतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण हातच नसतील, किंवा आजारपणाने हात उचलत नसेल तर? तर पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. एवढं झालं की पैसे काउंटरवर मिळतात. तेवढेच मिळतात, एक रुपया कमी नाही आणि दयेपोटी एक रुपया जास्तही नाही. बँक म्हणत नाही की तुम्हाला सही जमत नाही, म्हणून खातं बंद. आणि असंही म्हणत नाही की तुम्हाला सही जमत नाही, म्हणून हे घ्या दहा हजार जास्त. बँकेला फक्त एवढंच बघायचं असतं की खातेदार हाच आहे आणि पैसे काढायची इच्छा त्याचीच आहे. ती इच्छा कुठल्या वाटेने कळली, याला महत्त्व नाही.

कलेच्या तासाला हाच हिशोब लावा. शिक्षकाने आधी स्वतःला विचारावं, या तासात मुलाने नेमकं काय शिकायचं आहे? ते पक्कं धरावं. मग ते शिकायची वाट या मुलापुरती बदलावी. 'काय' ते तसंच ठेवायचं आणि 'कसं' ते बदलायचं. एवढंच सूत्र.

आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा दिल्या आहेत. कला संचालनालयाच्या त्या परीक्षांचे पेपर आठवा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती-अक्षरलेखन. स्मरणचित्रात 'आठवडी बाजार' असा विषय आला तर काय तपासायचं असतं? मुलाने बाजार नीट पाहिला का, लक्षात ठेवला का, माणसं, दुकानं, बैलगाडी यांची मांडणी जमली का. ज्याला दिसत नाही असा मुलगा मातीत तोच बाजार करू शकतो. टोपलीवाली बाई, पालाचे खांब, बसलेली माणसं. त्याने बाजार कानाने, नाकाने, हाताने अनुभवलेला आहे. संकल्पचित्रात काय बघतो आपण? आकारांची पुनरावृत्ती, तोल, रिकामी जागा. तेच तुरीची डाळ, सोयाबीनचे दाणे, तांदूळ, सुतळी चिकटवून करता येतं, आणि सोयाबीन तर आपल्याकडे घरोघरी आहे. वस्तुचित्रात मात्र छाया-प्रकाश हाच मुख्य धडा असतो. तो डोळ्यांशिवाय शिकवता येत नाही, हे सरळ मान्य करावं. त्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं दुसरं काम द्यावं, उदाहरणार्थ तीच वस्तू हाताळून तिची मातीतली प्रतिकृती. तेही कठीण काम आहे. करून बघा एकदा, तांब्याची मान मातीत किती फसवते ते!

स्पर्शाने ओळखणं हे काही कमी दर्जाचं ज्ञान नाही. शंभराच्या आणि पाचशेच्या नोटेवर दृष्टिहीनांसाठी उठावाची खूण असते, शंभराला त्रिकोण, पाचशेला वर्तुळ. घरी गेल्यावर डोळे मिटून बोट फिरवून बघा. नवी करकरीत नोट घ्या, चुरगळलेली घेऊ नका. आपल्या लोककलेत तर स्पर्शाची खाण आहे. मानोरा तालुक्यात आपली पोहरादेवी आहे. तिथं येणाऱ्या बंजारा बाया-मावश्यांच्या फेट्या-कांचळीवरचं भरतकाम बघा. आरसे, कवड्या, जाड टाके. ते बोटांनी वाचता येतं. पोळ्याला घरोघरी मातीचे बैल होतात. भुलाबाईच्या दिवसांत मुली डबा हलवून आवाजावरून खाऊ ओळखायला लावतात. हे सगळे आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे कलेचे धडे आहेत, आणि त्यात डोळ्यावाचून काही अडत नाही.

आता थोडं कामाचं. नातीच्या निमित्ताने मी चार ठिकाणी विचारलं, वाचलं, काही शिक्षकांशी बोललो. साधे उपाय सांगतो. खर्च फारसा कशालाच नाही.

हाताची पकड कमी असेल तर ब्रशच्या किंवा पेन्सिलच्या दांडीला कापड गुंडाळून रबरबँड लावा, किंवा सायकलच्या हँडलची जुनी ग्रिप बसवा. कागद चारही कोपऱ्यांना टेपने चिकटवा म्हणजे दुसऱ्या हाताने धरायची गरज राहत नाही. भेंडीचे, बटाट्याचे ठसे, स्पंजचे ठसे हे बारीक रेषेला चांगले पर्याय आहेत. आमच्या नातीचं पहिलं मोठं चित्र भेंडीच्या ठशांचं होतं. त्या दिवशी भाजी झाली नाही, पण चित्र झालं.

दिसायला कमी असेल तर खिडकीजवळची जागा, मोठा कागद, जाड काळा मार्कर. पांढऱ्यावर पिवळं काढायला सांगू नका. अजिबात दिसत नसेल तर कागदावर लोकरीने किंवा घट्ट गोंदाच्या रेषेने बाह्यरेषा उठवून द्या. रंगांच्या डब्या नेहमी एकाच क्रमाने ठेवा, झाकणावर एक खाच, दोन खाचा अशा खुणा करा. हार्मोनियम शिकवताना 'सा'च्या पट्टीवर एक टिकली लावा. वहिनींच्या पाकिटातली टिकली चालते.

ऐकू येत नसेल तर शिक्षकाने मुलाकडे तोंड करून, उजेडात उभं राहून बोलावं. फळ्याकडे तोंड म्हणजे त्या मुलाचा तास बुडाला. सांगण्यापेक्षा करून दाखवावं. आणि संगीताचा तास म्हणजे या मुलाला सुट्टी, असं समजू नका. ढोलकीच्या अंगावर तळहात ठेवला की ठेका हाताला कळतो. लाकडी पाटावर उभं केलं की तळपायाला कळतो. एव्हलिन ग्लेनी नावाच्या स्कॉटलंडच्या तालवादक आहेत. बारा वर्षांच्या होईपर्यंत त्यांचं ऐकणं जवळजवळ गेलेलं होतं. त्या अनवाणी वाजवतात, कारण कंपनं पायांतून कळतात. आपला विद्यार्थी ग्लेनी होईल असं नाही. पण तीनतालाच्या मात्रा त्याला मोजता येतील.

ज्या मुलांना समजायला वेळ लागतो, त्यांना एका वेळी एकच पायरी सांगा. 'आधी गोल काढा' हे झालं की मगच 'आता त्याला कान लावा'. प्रत्येक पायरीचं छोटं चित्र समोर ठेवा. स्वमग्न मुलांना कधी ओला रंग हाताला लागलेला सहन होत नाही, कधी गोंगाट सहन होत नाही. त्यांचा हात जबरदस्तीने रंगात बुडवू नका. ब्रश द्या, हातमोजे द्या, कोपऱ्यातली शांत जागा द्या, आणि तासात पुढे काय होणार हे आधी सांगा.

आता मार्कांकडे येतो, कारण खरी अडचण तिथं आहे. गेल्या वर्षी मी कमिटीत हा विषय काढला तेव्हा एक सभासद म्हणाले, "काका, स्पर्धा म्हणजे स्पर्धा. नियम सर्वांना सारखे. उद्या माझ्या पोराने अर्धा तास जास्त मागितला तर?" प्रश्न बरोबर आहे, आणि त्याला उत्तर दिलं पाहिजे. नुसतं भावनेने भागणार नाही.

दुसरा बँकेचा किस्सा. आपल्या भागात शेती आहे, दुष्काळ आहे, म्हणून तुम्हाला दोन शब्द ठाऊक आहेत, कर्जमाफी आणि कर्जाचं पुनर्गठन. माफीत मुद्दलच जातं. पुनर्गठनात मुद्दल तसंच राहतं, हप्ते आणि मुदत बदलते. दिव्यांग मुलाला परीक्षेत न बसवता मार्क देणं म्हणजे माफी. जादा वेळ, वेगळं साहित्य, मदतनीस देणं म्हणजे पुनर्गठन. मी माफी मागत नाही. मुद्दल पूर्ण वसूल करा.

वेळेचं म्हणाल तर दहावी-बारावीच्या बोर्डात, आमच्या बँकांच्या भरती परीक्षांतसुद्धा, पात्र उमेदवाराला दर तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात. ज्याचा हात एका रेषेला तिप्पट वेळ घेतो त्याला ही वीस मिनिटं म्हणजे चैन नव्हे. ज्या पोराचा हात धडधाकट आहे त्याला ती देऊन त्याचा फायदा काय? तो बसून कंटाळेल.

मदतनीसाचा प्रश्न जास्त नाजूक आहे. मूल सांगणार आणि दुसरा हात फिरवणार, तर चित्र कोणाचं? इथं आपल्याला परंपरेचाच आधार आहे. महाभारत लिहून घेतलं आपल्या गणपती बाप्पाने, पण ग्रंथ व्यासांचाच. ज्ञानेश्वरीचे लेखक म्हणून सच्चिदानंद बाबांचं नाव आपण आदराने घेतो, पण ओवी ज्ञानेश्वरांचीच. आणि आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज घ्या. तान्हेपणीच दृष्टी गेली, ३४ वर्षांचं आयुष्य, १८८१ ते १९१५, आणि शंभराहून अधिक ग्रंथ. ते सांगत, दुसरे लिहून घेत. त्या लेखनिकांना कोणी ग्रंथकार म्हटलं नाही. तेव्हा नियम सोपा आहे. मदतनीसाने सांगितलेलं करायचं, सुचवायचं नाही. "निळा घे, वरच्या कोपऱ्यात लाव, थांब" हे मूल बोलेल. "इथं झाड काढू का ग?" असं मदतनीसाने विचारायचं नाही. आणि काय मदत केली ते कागदाच्या मागे एका ओळीत लिहायचं, जसं आम्ही अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही घेतो. मग कोणाला शंका राहत नाही. आईने ही मदत करू नये हे बरं. आईचा हात आपोआप पुढे जातो, त्यात तिचा दोष नाही.

गुणदान कसं करावं? 'नीटनेटकेपणा' या एका रकान्याने किती मुलं मागे टाकली असतील! हात थरथरणाऱ्या मुलाची रेषा सरळ येणारच नाही. मग त्या रकान्यात आपण त्याची कला मोजतो की त्याचा आजार? त्यापेक्षा परीक्षकाने चार गोष्टी बघाव्यात. विषय समजला का. मांडणी विचार करून केली का. निवडलेलं साहित्य नीट वापरलं का. आणि त्यात मुलाचं स्वतःचं काही आहे का. हे चार रकाने मातीला लागू पडतात, रंगाला लागू पडतात, आणि धडधाकट मुलालाही तेच लागू पडतात. एकच मोजपट्टी सर्वांना.

शाळेत तर याहून सोपं आहे. २०१० मध्ये आपल्या राज्यात पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांना तेव्हापासून वर्षअखेरच्या लेखी परीक्षेचं ओझं ठेवलं नाही. शिक्षकाने वर्षभर निरीक्षण करायचं, काम बघायचं, नोंद करायची. म्हणजे नियमाने शिक्षकाचे हात बांधलेले नाहीत. जुलैचं चित्र आणि फेब्रुवारीचं चित्र शेजारी ठेवलं की मूल कुठून कुठे आलं ते दिसतं. फक्त नोंद खरी असावी. 'छान प्रयत्न' ही नोंद नव्हे. 'जूनमध्ये कागदाच्या एकाच कोपऱ्यात काम करत होती, आता पूर्ण कागद वापरते, दोन रंग स्वतः मिसळते' ही नोंद. आमच्या नातीच्या सध्याच्या शाळेतल्या सरांनी गेल्या वर्षी अशी नोंद केली, आणि खाली 'ब' श्रेणी दिली. घरी आली तेव्हा त्या 'ब' वर तिचा जो राग होता तो बघण्यासारखा होता. "आबा, पुढच्या वर्षी 'अ' आणते." पहिल्या शाळेतल्या 'अ' ने तिला काही करावंसं वाटलं नव्हतं. या 'ब' ने वाटलं.

हे सगळं चांगुलपणावर सोडलेलं नाही, कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची दिव्यांगता होती, आता एकवीस प्रकार आहेत. कलम १७ मध्ये अभ्यासक्रमात आणि परीक्षा पद्धतीत योग्य बदल करायला सांगितलं आहे. आणि कलम २९ फारसं कोणी वाचत नाही. त्यात कला आणि संस्कृतीच्या विषयांचे अभ्यासक्रम दिव्यांगांना भाग घेता येईल अशा रीतीने नव्याने आखावेत, नृत्य आणि कलावर्गांत त्यांचा सहभाग सुकर करावा, असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे चित्रकलेच्या तासाला बसणं ही शाळेची मेहरबानी नाही, तो हक्क आहे. त्यात व्यवहारही आहे. चित्रकला, शास्त्रीय गायन-वादन-नृत्य, लोककला यांत प्रावीण्य असेल तर दहावीला जादा गुण मिळतात. ज्या मुलाला पाचवीपासून 'सूट' दिली, त्याच्यासाठी ते दार आपण पाचवीतच लावून टाकलं.

आपण 'अपंग' शब्द टाकून 'दिव्यांग' म्हणायला लागलो, चांगलं झालं. पण शब्द बदलला तशी त्या लेकराची वर्गातली बसायची जागा बदलली का, हे पालकांनी जाऊन बघावं. शाळेत गेल्यावर तीनच प्रश्न विचारा. कलेच्या तासाला माझं मूल काय करतं? त्याने केलेलं काम मला दाखवता का? श्रेणी कशावरून दिली? भांडण करू नका. एका वर्गात साठ मुलं सांभाळणाऱ्या शिक्षकाची अडचणही खरी आहे. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, त्यांची मदत मागा. ग्रिप बसवलेला ब्रश घरून द्या. आपण अर्धा रस्ता चाललो की समोरचाही चालतो, हा माझा वसुलीच्या नोकरीतला अनुभव आहे.

कोणी म्हणेल, एवढं करून ही मुलं कलाकार थोडीच होणार आहेत? होतीलही. शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी लहानपणापासून अधू होती, आणि १९५७ च्या सुमारास शस्त्रक्रियेनंतर ती पूर्ण गेली. त्यानंतरही त्यांनी कागद कापून, चिकटवून चित्रं केली, मोठं भित्तिचित्र केलं. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर 'द इनर आय' हा माहितीपट काढला. आपल्या विदर्भात आनंदवनचं 'स्वरानंदवन' आहे, त्यातले कलाकार अंध आहेत, कर्णबधिर आहेत, अस्थिव्यंग आहेत, आणि लोक तिकीट काढून त्यांचा कार्यक्रम बघतात. आणि आपल्या मुली ज्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद परीक्षांना बसतात, त्या परंपरेचे मूळ पुरुष पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी फार अधू झाली. शाळेचं शिक्षण अवघड झालं म्हणून मिरजेला गाणं शिकायला गेले, आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. म्हणजे ज्या परीक्षेची आपण फी भरतो, तिच्या मुळाशी एक अधू दृष्टीचा मुलगा आहे.

पण मी ही नावं घेतली तरी माझा भर त्यांच्यावर नाही. आपली बाकीची मुलं तरी कुठे सगळी चित्रकार होतात? आपण त्यांना रंगपेटी घेऊन देतो ती काय त्यांनी प्रदर्शन भरवावं म्हणून? नाही. लेकराला वाटतं ते कुठेतरी उतरावं, हाताला काम आणि मनाला मोकळीक मिळावी, चार मुलांत बसून हसता यावं, म्हणून. तेवढंच या मुलांनाही हवं. दिव्यांग मुलाला साधारण चित्र काढायचाही अधिकार असला पाहिजे. प्रत्येकाने प्रेरणादायी व्हावं, ही आपली अपेक्षा त्यांच्या डोक्यावर नको.

आता बोलणं संपवताना कमिटीपुढे प्रस्ताव ठेवतो. येत्या गणेशोत्सवातल्या स्पर्धेपासून पुढचे बदल करावेत.

एक. स्पर्धा 'चित्र आणि हस्तकला' अशी असावी. विषय एकच, साहित्य ज्याचं त्याने निवडावं. रंग, माती, धान्य, कागद, कापड, काहीही.

दोन. प्रवेशपत्रिकेवर सगळ्यांसाठीच एक ओळ छापावी, 'तुम्हाला काही वेगळी सोय लागेल का?' दाखला मागू नये. आपण सोसायटी आहोत, सरकारी दवाखाना नाही. ज्याला गरज असेल त्याला तासाला वीस मिनिटं जास्त.

तीन. स्पर्धा गच्चीवर न घेता खालच्या हॉलमध्ये घ्यावी. चार टेबल-खुर्च्या ठेवाव्यात. विषय फळ्यावर लिहावा, मोठ्याने सांगावा, आणि शक्य असेल तर त्यातली एखादी वस्तू हातात द्यावी.

चार. परीक्षकांना मघाचे चार रकाने छापून द्यावेत. मदतनीस असेल तर त्याची नोंद कागदामागे.

पाच, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. या मुलांसाठी वेगळं 'विशेष उत्तेजनार्थ' बक्षीस ठेवू नये. बक्षीस तेच, रांग तीच. नंबर आला तर टाळ्या, नाही आला तर पुढच्या वर्षी पुन्हा. हरण्याचा हक्कही त्यांना द्या.

जाता जाता एक गंमत सांगतो. परवा मी टेबलाची कल्पना बोलून दाखवली तेव्हा रांगोळी स्पर्धेच्या आमच्या ज्येष्ठ भगिनी लगेच म्हणाल्या, "भाऊजी, मग रांगोळीही पाटावर काढून टेबलावर ठेवू द्या ना, आमचे गुडघे कुठे वाकतात आता?" बघा, अंगण एकासाठी सरळ केलं की किती जणांच्या पायाला बरं वाटतं. आपण सगळेच त्या वयाकडे निघालो आहोत. पंचवीस वर्षांपूर्वी जिना चढताना आपण मजले मोजत नव्हतो, आता मोजतो.

सोसायटीच्या या पंचवीस वर्षांत आपण बोअर घेतलं, कंपाउंड बांधलं, सोलर बसवलं. हा ठराव त्या सगळ्यांपेक्षा स्वस्त आहे. पाच-सहा टेबलं, थोडी माती, आणि प्रवेशपत्रिकेवरची एक ओळ. सचिवांनी तो येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, अशी विनंती करतो. विरोध असेल त्यांनी अवश्य बोलावं, मी उत्तर द्यायला पहिल्या रांगेत बसेन.